लोणंद, जून १९६६

आजच्यापुरत्या तुम्ही अमेरिकन शिक्षिका आहात. वय पंचविशीच्या पुढचं. अंगावर पुण्यात घेतलेली सुती साडी आहे आणि तिच्या निऱ्या दर स्टेशनाला थोड्या थोड्या सुटत आल्यात. डोळ्यात इंजिनाच्या कोळशाचा कण गेलाय. मीटरगेजची गाडी शिंदवण्याचा घाट चढली, जेजुरीला भंडारा लावलेली माणसं चढली-उतरली, वाल्हे गेलं, नीरा गेलं. नदीवरचा पूल खडखडत मागे पडला तेव्हा शेजारचे म्हातारबुवा म्हणाले, "आता सातारा जिल्हा लागला बरं का." आणि थोड्याच वेळात तुम्ही लोणंदच्या फलाटावर, ट्रंक पायाशी ठेवून उभ्या आहात.

डब्यात तुमची तोंडी परीक्षा होऊन गेली आहे. कुठल्या गावच्या? लग्न झालंय का? नाही? का नाही? पगार किती मिळणार? भाऊ किती? आणि मग लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतलेल्या एका मावशींचा प्रश्न: "मग म्हातारपणी आईबाला कोण बघनार?" विद्यापीठातल्या मराठीच्या वर्गात 'माझे नाव', 'माझे गाव' इथवरची वाक्यं घोकून झाली होती. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला इंग्रजीतही देता आलं नसतं. ही चौकशी तुम्हाला खटकते. हळूहळू कळेल की इथे माणसाला आधी नात्यात बसवतात, मग त्याच्याशी बोलतात. ज्याचं कोणीच नाही त्याला हाक तरी काय मारायची? मावशींनी उत्तराची वाट न बघता भाकरीचा चतकोर तुमच्या हातावर ठेवला, वर खर्डा. परीक्षेत पास झालात की नाही ते कळलं नाही. खर्ड्याने डोळ्यातला कण मात्र वाहून गेला.

टांगा पेठेकडे निघतो. आधी वास येतो, मग कांदा दिसतो. हा गरवा कांदा, उन्हाळ्यात काढलेला, सुकवून ठेवलेला, आता भाव बघून बाहेर आलेला. पोत्यांच्या थप्प्या, बैलगाड्यांच्या रांगा, लिलावाला मांडलेली एकेक वक्कल आणि तिच्याभोवती टोप्या-पटक्यांचा घोळका. अडत्याच्या मुनिमाला तुम्ही भाव विचारता. तो रुपयांत सांगतो, शेजारचा शेतकरी त्याचे मनातल्या मनात आणे करतो. दशमान नाणी येऊन नऊ वर्षं झाली, किलोही आला, पण पंचवीस पैशांना लोक अजून चार आणेच म्हणतात आणि घरातलं धान्य पायलीने मोजतात. तुमच्या पिशवीतले रुपये मात्र नवे आणि जास्तीचे आहेत. ६ जूनला भारत सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलरला ४ रुपये ७६ पैसे मिळायचे, ते साडेसात झाले. मे महिन्यात आला असतात तर शंभर डॉलरचे ४७६ रुपये हाती पडले असते; आता ७५० पडले. बोट न हलवता तुम्ही श्रीमंत झालात. टांगेवाला मात्र भाड्याचे पैसे कालच्याच दराने घेतो.

ज्यांच्याकडे उतरायचं ते हेडमास्तर आणि त्यांच्या घरच्या काकू दारात उभ्या आहेत. पायांवर पाणी, हातात चहा. गुळाचा आहे, बशीत ओतून प्यायचा. सोप्यात भिंतीला टेकून बसायचं, शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाय पसरायचे नाहीत, ताटातलं संपलं की 'पुरे' तीनदा म्हणायचं, कारण पहिल्या दोन वेळा ते कोणी खरं धरत नाही. संध्याकाळ झाली की काकू कंदिलाची काच राखेने पुसून लख्ख करतात. ओसरीवर शेजारच्या बायका जमतात. त्या तुम्हाला काही विचारत नाहीत, काकूंनाच विचारतात, "ह्यांना तिखट चालतं का वं?" तुम्ही समोर बसलेल्या असूनही तुमची चौकशी तिसऱ्याच माणसाकडे होते.

त्या रात्री तुम्ही वहीत लिहिता: इथे काळ थांबला आहे.

असं वाटणं साहजिक आहे. बैलगाडी, कंदील, जातं, नऊवारी. आजचे मराठी वाचक म्हणून तुम्हालाही आतून तेच वाटतंय, फक्त जरा लाडाने: किती साधं, किती निवांत जगणं होतं! दोन्ही समजुती सारख्याच चुकीच्या आहेत, आणि त्या मोडायला रेशनचं दुकान पुरतं.

काकूंबरोबर पिशव्या घेऊन रांगेत उभ्या राहा. गेल्या वर्षी पावसाने दगा दिला, यंदाचीही चिन्हं बरी नाहीत. जानेवारीत वारलेल्या शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ उपास करायला सांगितलं होतं, तो अजून काही घरांत पाळला जातो. दुकानदार मापाने गहू ओततो, तांबूस, बारीक. पलीकडच्या पोत्यात मिलो, म्हणजे अमेरिकेत गुरांना घालतात ती लाल ज्वारी. पीएल ४८० करारातलं हे धान्य तुमच्या देशातून बोटीने मुंबईला आलं. या एका वर्षात भारत सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणतो आहे आणि त्यातलं बहुतेक अमेरिकेचं आहे. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ते एकदम सोडत नाहीत. भारताने शेतीचं धोरण बदलावं, व्हिएतनामबद्दल तोंड आवरावं म्हणून थोडं थोडं सोडतात. म्हणजे या रांगेतल्या बाईच्या परातीत किती पीठ पडायचं हे काही अंशी वॉशिंग्टनमध्ये ठरतंय.

घरातल्या आजी चपाती लाटतात. ती तव्यावर चिरते. आजी तुमच्याकडे वळतात: "तुमच्याच गावचा गहू ह्यो. तुम्ही ह्याची चपाती कशी करता? हितं तुटतीया." तुम्ही आयुष्यात पीठ मळलेलं नाही, पाव दुकानातून येतो. आजी हसून तुमच्या हातात लाटणं देतात. रात्री वहीतलं ते वाक्य तुम्ही खोडता.

आता गाव वेगळं दिसायला लागतं. तुम्ही ज्या रेल्वेने आलात ती १८८०-९०च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने टाकली. लोणंदचा कांदा तिच्यामुळे दूरच्या बाजारांशी बांधलेला आहे. नीरेवर वीरचं नवं धरण उभं राहिलंय. भाटघरचं लॉइड धरण चाळीस वर्षांपूर्वीचं. नदीच्या डाव्या कालव्याने पलीकडचं बारामती हिरवं केलं, उजव्या कालव्याने अलीकडचं फलटण. मधल्या साखरवाडीला साखर कारखाना आहे. ज्या शेताला पाट पोचला तिथे ऊस, जिथे नाही तिथे बाजरी, आणि दोन्ही शेतं एकाच भावकीची असू शकतात. केंद्रात संरक्षणमंत्री याच सातारा जिल्ह्याचे यशवंतराव चव्हाण आहेत आणि पारावरची माणसं त्यांचा उल्लेख 'आपले साहेब' असा करतात. पार म्हणजे इथला वाचनकट्टाच. एक जण पेपर मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात आणि बातमी संपण्याआधी तिच्यावर मत देतात.

शाळा उघडली आहे. अकरावीला एसएससी, तिथे इंग्रजी आणि गणित ही दोन भुतं. प्राथमिक शाळा चार वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेकडे आल्या. दिल्लीत शिक्षणावरचा कोठारी आयोग याच महिन्याच्या २९ तारखेला आपला अहवाल सरकारला देणार आहे. पुढच्या जानेवारीत पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, स्थापन होईल. लोणंदच्या शिक्षकांच्या खोलीत मात्र चर्चा आहे ती गैरहजर मुलांची. पेरणी तोंडावर आली की मागची बाकं रिकामी पडतात. मुली तर सातवीनंतर बोटांवर मोजण्याइतक्या.

हेडमास्तर तुम्हाला नायगावबद्दल सांगतात. ते याच खंडाळा तालुक्यातलं गाव. सावित्रीबाई फुले तिथे १८३१ साली जन्मल्या. आणि आणखी एक गोष्ट सांगतात, जिने तुमचा तोरा जरा उतरतो: तुम्ही इथल्या पहिल्या अमेरिकन बाई नाहीत. सिंथिया फरार १८२७ साली मुंबईत उतरल्या, पुढे नगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांचं काम पाहून सावित्रीबाईंचे पती जोतीराव यांच्या मनात पुण्यात मुलींची शाळा काढायचा विचार बळावला. फरारबाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. पस्तीस वर्षं. तुमच्या करारात दोन लिहिली आहेत.

मग एके दुपारी सगळं गाव नदीच्या वाटेकडे तोंड करून उभं राहतं. ज्ञानेश्वर माउलींची पालखी वाल्ह्याहून निघाली, नीरेत पादुकांना स्नान झालं, आता जिल्ह्यात प्रवेश. रथ, वीणेकरी, तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या बाया, पताका, एका दिंडीमागे दुसरी. ज्या घरात चपातीला गहू पुरत नाही त्या घरातून पिठल्या-भाकरीच्या टोपल्या बाहेर पडतात. डब्यात भेटलेल्या मावशी या गर्दीत सापडल्या तर नवल नाही. इथून तरडगाव, वाटेत चांदोबाच्या लिंबाशी पहिलं उभं रिंगण, पुढे फलटण. इरावती कर्वे यांचा या वारीवरचा लेख तुम्ही इंग्रजीत वाचून आलात. १९६२ साली तो अमेरिकेतल्या एका संशोधन नियतकालिकात छापून आला होता. एका वाटेने, एका देवाचं नाव घेत चालणारी माणसं मुक्कामाला जातीजातीने वेगळी जेवतात, हे त्यांनी न लपवता लिहिलं होतं. तुम्ही शोधायला लागता. पंगती दिसतात, आणि पंगतींमधलं अंतरही.

एकदा दिसलं की ते सगळीकडे दिसतं. चहाच्या हॉटेलात बाहेरच्या फळीवर उपड्या ठेवलेल्या दोन कपबश्या कोणासाठी? शाळेत रांजणाकडे जाऊन मुलं तांब्याने पाणी घेतात. एक मुलगा थांबतो, ओंजळ धरतो, दुसरा वरून ओततो. कोणी कोणाला ओरडत नाही. अस्पृश्यता हा गुन्हा ठरवणारा कायदा १९५५चा, त्या मुलाच्या वडिलांनी बौद्ध धम्म घेतला तो १९५६ नंतर. पाणवठ्याला दोन्ही तारखा ठाऊक नाहीत. आणखी पाच-सहा वर्षांनी कार्यकर्ते बाबा आढाव 'एक गाव, एक पाणवठा' म्हणत याच भागातल्या गावांतून फिरतील, तेव्हा कुठे हे मोठ्याने विचारलं जाईल. तुमच्या मनात संताप येतो, आणि संतापाबरोबर हळूच एक समाधान: आपल्याकडे असं नाही.

दुसऱ्या दिवशी दहावीचा तास. तुम्ही अमेरिकेचा नकाशा फळ्यावर काढता आणि म्हणता, "काहीही विचारा." ओंजळीने पाणी पिणारा तो मुलगा उभा राहतो. पारावर ऐकलेलं त्याला नीट पाठ आहे.

"बाई, तुमच्याकडं मेरेडिथ नावाच्या काळ्या मानसाला रस्त्यात गोळी घातली, ते खरं का?"

जेम्स मेरेडिथ. मिसिसिपीतल्या काळ्या लोकांनी न भिता मतदार म्हणून नाव नोंदवावं यासाठी पायी निघालेला माणूस. त्याच्यावर गोळी झाडली गेली ती ६ जूनला, ज्या दिवशी तुमचे डॉलर महागले त्याच दिवशी.

"खरं आहे."

"मग तुम्ही तिथं न शिकवता हितं का आला?"

वर्ग हसत नाही. या प्रश्नात उद्धटपणा नाही, मावशींच्या प्रश्नात नव्हता तसाच. त्यालाही तुम्हाला कुठे बसवायचं ते ठरवायचं आहे. गावाला मागासलेला काळ समजून आलेल्या माणसाकडे याचं उत्तर नसतं, कारण त्याच्या हिशेबात तो पुढून आलेला असतो. काळ एकच आहे, १९६६चा, दोन्हीकडे.

याच वर्षी लोणंदपासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या फलटणला खरोखरीच एक अमेरिकन बाई आल्या. मॅक्सीन बर्नसन. फलटणची माणसं प्रत्यक्षात मराठी कशी बोलतात याचा अभ्यास करून त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. अभ्यास झाला, पण त्या परत गेल्या नाहीत. १९७८ साली भारतीय नागरिक झाल्या. दलित वस्तीतल्या, शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या मुलांना शिकवता शिकवता त्यांनी १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था काढली आणि दोन वर्षांनी कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू केली. शाळेला नाव दिलं तेही अमेरिकेत एलिझाबेथ लंडी म्हणून जन्मलेल्या आणि मुंबईत व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू करणाऱ्या बाईंचं.

लोणंदहून फलटणला २०१९ पासून रेल्वेही जाते. तुम्ही आता या जूनमधून बाहेर पडू शकता. पण परक्या गावी शिकवायला निघालेलं कोणी तुमच्या घरात असेल, लोणंदचं कोणी अमेरिकेत किंवा अमेरिकेतलं कोणी लोणंदला, तर त्याला सांगा की इथे का आलात, हा प्रश्न पहिल्या काही दिवसांतच येईल. तिथल्या तिथे उत्तर देऊ नये. बर्नसनबाईंनी ते फलटणला राहून दिलं, आणि त्याला त्यांना वीस वर्षं लागली.