नीतीची बदललेली कसोटी : ब्रिटनमधील लैंगिक नीतिमूल्यांचा प्रवास

डिसेंबर 1936 मध्ये इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड याने सिंहासनाचा त्याग केला. ज्या स्त्रीशी त्याला विवाह करायचा होता, त्या वॉलिस सिम्प्सन यांचा एक घटस्फोट झालेला होता आणि दुसरा होऊ घातला होता. इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख असलेल्या राजाने अशा स्त्रीशी लग्न करावे, हे पंतप्रधान, धर्मपीठ आणि वसाहतींतील सरकारे यांपैकी कोणालाच मान्य नव्हते. त्यानंतर 2005 मध्ये युवराज चार्ल्स यांनी कॅमिला पार्कर बोल्स यांच्याशी विवाह केला. दोघेही घटस्फोटित होते. मे 2023 मध्ये याच दाम्पत्याचा राजा-राणी म्हणून वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये राज्याभिषेक झाला आणि तो कँटरबरीच्या आर्चबिशपांच्याच हस्ते झाला. या दोन घटनांमध्ये नव्वद वर्षांचेही अंतर नाही.

पाश्चात्त्य समाजाविषयी आपल्याकडे दोन ढोबळ मते आढळतात. तेथे नीतिमत्ता लयाला गेली, असे एक मत. तर तो समाज जुनाट बंधनांतून मुक्त झाला, असे दुसरे. ब्रिटनचा इतिहास पाहिला तर ही दोन्ही मते अपुरी ठरतात. तेथे नीती नाहीशी झालेली नाही. नीती तपासण्याची कसोटी बदलली आहे. हा बदल कसा घडला, हे समजून घेणे आपल्यालाही आवश्यक आहे. कारण आपल्या कायद्यांतील लैंगिक नीतीच्या कित्येक कल्पना त्याच देशातून आलेल्या आहेत.

व्हिक्टोरियन दुटप्पीपणा

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश नीतीचे मुख्य सूत्र विवाहसंस्था हे होते. विवाहांतर्गत संबंध नैतिक, विवाहाबाहेरील अनैतिक. मात्र हा नियम स्त्री-पुरुषांना सारखा लागू नव्हता. 1857 च्या कायद्याने न्यायालयातून घटस्फोट मिळण्याची सोय झाली, पण पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पतीला पुरेसे होते. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराच्या जोडीने क्रौर्य, परित्याग यांसारखा आणखी एखादा दोष सिद्ध करावा लागे. ही विषमता 1923 मध्ये दूर झाली.

याच दुटप्पीपणाचे दुसरे उदाहरण म्हणजे 1864 पासून लागू झालेले संसर्गजन्य रोगांविषयीचे कायदे. लष्करी छावण्या व बंदरे असलेल्या गावांत वेश्याव्यवसायाचा संशय असलेल्या कोणत्याही स्त्रीची सक्तीने वैद्यकीय तपासणी करण्याचा अधिकार त्यांनी दिला. सैनिकांना मात्र अशी सक्ती नव्हती. जोसेफिन बटलर यांनी या कायद्यांविरुद्ध दीर्घकाळ चळवळ चालविली आणि 1886 मध्ये ते रद्द झाले. नीतीच्या नावाखाली एकाच पक्षाला शिक्षा का, हा त्यांचा प्रश्न पुढील सर्व सुधारणांच्या मुळाशी आहे.

समलिंगी पुरुषांसाठी कायदा अधिकच कठोर होता. 1533 पासून अशा संबंधांना देहदंड होता. या कारणासाठी अखेरची फाशी 1835 मध्ये दिली गेली आणि 1861 मध्ये देहदंड रद्द झाला. परंतु 1885 च्या कायद्याने पुरुषांमधील कोणत्याही ‘असभ्य’ कृत्याला, ते खासगीत घडले तरी, गुन्हा ठरविले. ऑस्कर वाइल्ड या नामवंत लेखकाला 1895 मध्ये सक्तमजुरीची दोन वर्षांची शिक्षा झाली ती याच कायद्याखाली. गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांना 1952 मध्ये दोषी ठरविण्यात आले, तेही त्याच तरतुदीनुसार. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या सांकेतिक संदेशांची उकल करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या ट्युरिंग यांना तुरुंगाऐवजी संप्रेरकांचे उपचार पत्करावे लागले. 1954 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. राजमुकुटाने त्यांना माफी दिली ती 2013 मध्ये.

कायदा आणि नीती यांची फारकत

याच 1954 साली सरकारने सर जॉन वुल्फेंडन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. समलिंगी संबंध आणि वेश्याव्यवसाय यांविषयीच्या कायद्यांचा फेरविचार हे तिचे काम होते. सप्टेंबर 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात समितीने शिफारस केली, की सज्ञान व्यक्तींमधील परस्परसंमतीचे खासगी संबंध गुन्हा मानू नयेत. समितीने या संबंधांना नैतिक ठरविले नव्हते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. पाप आणि गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी असून व्यक्तीच्या खासगी नीतीचा काही प्रदेश कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला पाहिजे, एवढीच तिची भूमिका होती.

या भूमिकेवरून विसाव्या शतकातील एक गाजलेला वैचारिक वाद उभा राहिला. न्यायमूर्ती पॅट्रिक डेव्हलिन यांनी 1959 मधील व्याख्यानात असे प्रतिपादन केले, की समान नीतिकल्पना हा समाजाला बांधून ठेवणारा धागा आहे; राजद्रोहापासून स्वतःचे रक्षण करण्याचा जसा समाजाला अधिकार आहे, तसाच नीतीच्या विघटनापासूनही आहे. ऑक्सफर्डचे विधितज्ज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी त्यास उत्तर दिले. प्रचलित नीतीत बदल होणे म्हणजे समाज कोसळणे नव्हे, आणि बहुसंख्यांना एखादी गोष्ट किळसवाणी वाटते एवढ्यावरून कोणाला तुरुंगात धाडता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1859 मध्ये मांडलेले तत्त्व, की दुसऱ्याला होणारी हानी टाळण्यासाठीच व्यक्तीवर सक्ती करता येते, हा या युक्तिवादाचा आधार होता. तात्कालिक विजय हार्ट यांचा झाला, तरी डेव्हलिन यांचा प्रश्न आजही निकालात निघालेला नाही.

साठीचे दशक

1960 मध्ये डी. एच. लॉरेन्स यांच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीवरून पेंग्विन प्रकाशनावर लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात खटला भरण्यात आला. आपल्या पत्नीने किंवा नोकराने हे पुस्तक वाचलेले तुम्हाला चालेल काय, असा प्रश्न सरकारी वकिलांनी ज्यूरीला विचारला. ज्यूरीत स्त्रियाही होत्या आणि घरी नोकर बाळगण्याचा काळ बहुतेकांसाठी केव्हाच सरला होता. साहित्यिक मूल्याचा बचाव मान्य करणाऱ्या 1959 च्या नव्या कायद्याच्या आधारे प्रकाशक निर्दोष सुटले.

त्यानंतर सुधारणांची मालिकाच सुरू झाली. 1961 मध्ये गर्भनिरोधक गोळी सरकारी आरोग्यसेवेतून मिळू लागली. प्रारंभी ती मुख्यतः विवाहित स्त्रियांपुरती होती. 1974 पासून ती सर्वांना विनामूल्य मिळू लागली. 1967 या एकाच वर्षात गर्भपात आणि सज्ञान पुरुषांमधील खासगी समलिंगी संबंध या दोहोंना काही अटींवर कायद्याची मान्यता मिळाली. 1969 च्या कायद्याने विवाह सावरण्यापलीकडे गेला आहे, हाच घटस्फोटाचा आधार ठरविला.

तथापि हा प्रवास सरळ रेषेत झाला नाही. 1967 ची सुधारणा इंग्लंड व वेल्सपुरती होती. उत्तर आयर्लंडमध्ये ती 1982 मध्ये पोहोचली, आणि तीही युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या निकालानंतर. मेरी व्हाइटहाउस या शिक्षिकेने दूरचित्रवाणीवरील अश्लीलतेविरुद्ध 1964 मध्ये उभारलेल्या मोहिमेला मोठा पाठिंबा लाभला. एड्सच्या भीतीने ग्रासलेल्या ऐंशीच्या दशकात जनमत पुन्हा कठोर झाले. 1988 मध्ये ‘कलम 28’ आणून स्थानिक संस्थांना समलैंगिकतेचा पुरस्कार करण्यास मनाई करण्यात आली. ते स्कॉटलंडमध्ये 2000 साली, तर इंग्लंड व वेल्समध्ये 2003 साली रद्द झाले. पुढे 2014 पासून इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडमध्ये समलिंगी विवाह होऊ लागले.

आकडे काय सांगतात?

‘ब्रिटिश सोशल अ‍ॅटिट्यूड्स’ या पाहणीतून 1983 पासून जनमताची नोंद ठेवली जाते. विवाहपूर्व संबंधांत काहीच गैर नाही, असे म्हणणारे 1983 मध्ये 42 टक्के होते. 2012 मध्ये ते 65 टक्के झाले. समलिंगी संबंध सर्वथा गैर मानणारे 1987 मध्ये 64 टक्के होते. 2012 मध्ये ते 22 टक्क्यांवर आले. 2021 मध्ये इंग्लंड व वेल्समधील नवजात बालकांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे 51.3 टक्के, बालकांचे जन्म विवाहाबाहेर झाले. 1845 पासूनच्या नोंदींत असे प्रथमच घडले.

एवढ्यावरून ‘सारे काही चालते’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु त्याच पाहणीत विवाहितांच्या विवाहबाह्य संबंधांविषयीची नापसंती मात्र कमी झालेली नाही. ते सर्वथा गैर आहेत, असे मानणाऱ्यांचे बहुमत तेव्हाही होते आणि नंतरही टिकून राहिले. याचा अर्थ असा, की लग्न झाले आहे की नाही हा प्रश्न गौण ठरला. दिलेला शब्द मोडला काय, फसवणूक झाली काय, हा प्रश्न महत्त्वाचा झाला.

संमतीची नवी कसोटी

काही बाबतींत तर ब्रिटिश समाज पूर्वीपेक्षा अधिक कठोर झाला आहे. पतीने पत्नीवर केलेला बलात्कार हा गुन्हाच होऊ शकत नाही, हे सतराव्या शतकातील न्यायाधीश मॅथ्यू हेल यांचे मत सुमारे अडीचशे वर्षे प्रमाण मानले गेले. 1991 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते मोडीत काढले. जिमी सॅव्हिल या लोकप्रिय निवेदकाने अनेक दशके मुलांचे व स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे त्याच्या मृत्यूनंतर, 2012 मध्ये, उघड झाले. तेव्हा ज्या काळाचा ‘मुक्त’ म्हणून गौरव होत असे, त्या काळात दुर्बलांचे रक्षण कोणी केले, असा प्रश्न त्या समाजाने स्वतःला विचारला. 2017 नंतरच्या ‘मी टू’ चळवळीने हाच प्रश्न कामाच्या ठिकाणी नेला.

अर्थात संमतीची कसोटीही सर्व प्रश्न सोडवीत नाही. सत्तेच्या किंवा उपजीविकेच्या दडपणाखाली दिलेली संमती खरी मानावी काय? मुलांच्या हाती सहज पडणाऱ्या अश्लील चित्रफितींना आवर कसा घालावा? अशा प्रश्नांपुढे ‘दोघांची मर्जी’ हे उत्तर तोकडे पडते. डेव्हलिन यांची चिंता येथे निराळ्या रूपात समोर येते.

आपल्याशी असलेले नाते

या इतिहासाचे आपल्याशी थेट नाते आहे. मेकॉले यांच्या मसुद्यावर आधारलेल्या 1860 च्या भारतीय दंडसंहितेतील कलम 377 हे इंग्रजी नीतिकल्पनेचेच अपत्य होते. इंग्लंडने आपला कायदा 1967 मध्ये बदलला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळले ते 6 सप्टेंबर 2018 रोजी. लॉरेन्स यांची जी कादंबरी लंडनमध्ये 1960 साली निर्दोष ठरली, तीच विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये कायम केली, आणि त्यासाठी वापरली ती 1868 मधील इंग्रजी कसोटी.

मात्र आपण नेहमीच मागे होतो, असेही नाही. मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये संततिनियमन केंद्र सुरू केले ते 1921 मध्ये. त्याच वर्षी र. धों. कर्वे यांनी मुंबईत असे केंद्र काढले. 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविताना त्यांनी अश्लीलतेचे खटलेही सोसले. उलट, हेल यांचे जे मत त्यांच्याच देशाने 1991 मध्ये टाकून दिले, त्याची छाया आपल्या कायद्यावर अजून आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही पतीसाठीचा तो अपवाद कायम ठेवण्यात आला.

पाश्चात्त्यांच्या नीतीविषयी बोलताना त्यांनी काय सोडले याचीच चर्चा अधिक होते. त्यांनी काय नव्याने स्वीकारले, आणि त्यांनी टाकलेल्यापैकी कोणते ओझे आपण आपली परंपरा समजून वाहत आहोत, हे तपासणे अधिक उपयोगाचे ठरेल.