घरबसल्या लेखन आणि अनुवादाचं काम : कुठे शोधायचं, पैसे कसे मिळवायचे, फसवणूक कशी टाळायची

‘घरबसल्या टायपिंग करा आणि महिन्याला हजारो रुपये कमवा’ असे मेसेज मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून फिरत असतात. शिकलेल्या पण नोकरीसाठी बाहेर पडणं शक्य नसलेल्या मुली, बेरोजगार पदवीधर, मदरशातून फारिग झालेले तरुण अशा जाहिरातींना लगेच भुलतात. ऑनलाइन लेखनाचं खरं काम मिळतं का? मिळतं. पण ते अशा मेसेजमधून येत नाही. आणि काम देण्याआधी कुणी पैसे मागत असेल, तर ते काम नाहीच.

तुमचं भांडवल : दोन-तीन भाषा

महाराष्ट्रातल्या अनेक मुस्लिम घरांत मुलं उर्दू किंवा दखनी बोलतात, मराठीत शिकतात, हिंदी ऐकतात आणि कॉलेजात इंग्रजी वाचतात. घरात याचं कुणाला विशेष वाटत नाही. पण अनुवादाच्या बाजारात उर्दू आणि मराठी दोन्ही नीट लिहिता येणारी माणसं कमी आहेत.

मशीन अनुवाद आता फुकट मिळतो, मग माणूस कशाला हवा, असं कुणी विचारेल. एक उदाहरण पाहा. बायकोने मागितलेल्या तलाकला ‘खुला’ म्हणतात. हिंदी बातमीत हा शब्द आला की मशीन कधी कधी त्याचं ‘उघडा’ करून टाकतं. ‘खाली’ म्हणजे उर्दूत रिकामा आणि मराठीत खालच्या बाजूला. हिंदीतला ‘संसार’ म्हणजे जग, मराठीतला म्हणजे घरप्रपंच. इद्दत, मेहर, वक्फ, वारसाहक्क यांसारखे शब्द कुठे कसे वापरायचे हे तुम्हाला ठाऊक आहे. मशीनने केलेला अनुवाद तपासून दुरुस्त करणं हेसुद्धा आता पैसे मिळणारं काम आहे. व्हिडिओची सबटायटल्स, मुलाखतींचं लिप्यंतर, अ‍ॅपमधल्या सूचना, शाळेची पुस्तकं, ऑडिओ कथांच्या संहिता ही कामंही असतात.

आधी काय तयार ठेवावं

*युनिकोड टायपिंग.* ऑनलाइन कामात मराठी आणि उर्दू दोन्ही युनिकोडमध्ये लागतात. छापखान्यात इनपेज किंवा श्री-लिपीवर हात बसला असेल तरी इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक कीबोर्ड शिकून घ्या. महिनाभराच्या सरावाने वेग येतो.

*नमुने.* अनुभव विचारला जातोच. तीन-चार चांगले नमुने पुरतात : एक बातमी, एक आरोग्याची माहिती, एक कायद्याचा उतारा. मूळ मजकूर आणि तुमचा अनुवाद शेजारी शेजारी ठेवा. मराठी किंवा उर्दू विकिपीडियावर लिहिलेले लेखही दाखवता येतात.

*नावाचं स्पेलिंग.* ही अडचण आपल्याकडे फार दिसते. आधारवर ‘मोहम्मद’, पॅनवर ‘मोहं.’, बँकेत ‘एमडी’. एकीकडे ‘शेख’, दुसरीकडे ‘शैख’. लग्नानंतर बदललेलं नाव तर वेगळंच. ओळख पडताळणीत खातं इथेच अडकतं आणि कमावलेले पैसे काढता येत नाहीत. काम शोधण्याआधी आधार, पॅन आणि बँक खातं यांवर नाव एकसारखं करून घ्या.

काम कुठे शोधायचं

*प्रोझ* ही अनुवादकांची जुनी साइट 1999 पासून चालू आहे. तिथल्या ‘ब्लू बोर्ड’वर कोणती एजन्सी पैसे वेळेवर देते आणि कोणती बुडवते, हे अनुवादक स्वतः नोंदवतात. काम कुठूनही आलं तरी एजन्सीचं नाव आधी तिथे बघावं.

*अपवर्क आणि फायवर* या सर्वसाधारण बाजारपेठा आहेत. अपवर्कवर ठरावीक रकमेच्या कामात ग्राहक पैसे आधी मध्यस्थ खात्यात भरतो, म्हणून ते भरल्याची खात्री करूनच काम सुरू करा. अर्ज करायला ‘कनेक्ट्स’ लागतात, म्हणून दिसेल तिथे अर्ज करू नका. फायवर विक्रेत्याच्या कमाईतून 20 टक्के कापतं. 50 डॉलरचं काम केलं की हातात 40 येतात. दर ठरवताना हे धरूनच चला.

*सरकारी संस्था.* म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानातलं राष्ट्रीय अनुवाद मिशन ज्ञानविषयक पुस्तकं भारतीय भाषांत आणतं. त्यांच्या अनुवादकांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नाव देता येतं. नोंद केली म्हणजे काम मिळेलच असं नाही, पण नाव असलेलं बरं.

*थेट विचारणा.* प्रकाशक, न्यूज पोर्टल, सामाजिक संस्था यांना तीन ओळींचा मेल आणि दोन नमुने पाठवा. पहिलं नियमित काम अनेकांना असंच मिळतं.

दर आणि लिखापढी

अनुवादाचा दर शब्दावर ठरतो. सराव असलेला माणूस दिवसाला साधारण 2,000 ते 2,500 शब्द नीट करतो. नवख्याने निम्मे धरावेत. समजा शब्दाला 1 रुपया ठरला आणि तुम्ही दिवसाला 1,000 शब्द केले, तर 1,000 रुपये झाले. त्यातून कमिशन, इंटरनेट आणि बिनकामाचे दिवस वजा करा.

ओळखीचा माणूस आहे, लिहून काय घ्यायचं, असं म्हणू नका. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची 282वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. किती शब्द, काय दर, किती दुरुस्त्या, पैसे कधी, एवढं मेलवर तरी घ्या. कॉपीराइट कायदा 1957 नुसार हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. म्हणून सही करण्याआधी कागद पूर्ण वाचा.

भारतातल्या कंपनीने पैसे अडकवले तर मोफत ‘उद्यम’ नोंदणीचा उपयोग होतो. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात आणि उशीर झाला तर व्याजाचीही तरतूद आहे. तक्रार ऑनलाइन करता येते. नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवा.

फसवणूक ओळखा

नेहमीचा प्रकार असा. आधी ‘रजिस्ट्रेशन फी’ घेतात. मग शेकडो पानं टाइप करायला देतात आणि अचूकतेची अट जवळजवळ अशक्य ठेवतात. काम संपलं की ‘चुका जास्त आहेत’ म्हणून पैसे नाकारतात. वर ‘करार मोडला’ असं सांगत वकिलाच्या नावाने नोटीस येते, अटकेची धमकी येते. घरच्यांना कळेल या भीतीने मुली दागिने मोडूनही पैसे भरतात.

असं झालं तर एक रुपयाही भरू नका. टायपिंगमध्ये चुका झाल्या म्हणून कुणाला अटक होत नाही. मेसेज, पावत्या, नंबर यांचे स्क्रीनशॉट ठेवा, ताबडतोब 1930 वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. आणि घरच्या मोठ्यांनो, मुलीने असं काही सांगितलं तर आधी तिला रागावू नका. ती गप्प बसेल यावरच या लोकांचा धंदा चालतो.

शेवटचं

मशीनचा मजकूर स्वतःचा म्हणून देऊ नका. घेतलेलं काम अमानत आहे. जुगाराच्या अ‍ॅपचं किंवा खोट्या जाहिरातींचं लिखाण आलं तर नाही म्हणायला लाजू नका. पहिले दोन-तीन महिने फारसं हाती लागत नाही, तेव्हा असलेली नोकरी किंवा शिकवण्या लगेच सोडू नका. एक ग्राहक वेळेवर पैसे देऊ लागला, की त्याच्या ओळखीने दुसरा मिळतो.