साष्टीचे पाद्री आणि देशभाषा

फादर थॉमस स्टीफन्सकृत क्रिस्तपुराणाचा विचार आजवर बहुधा दोन अंगांनीं झालेला आहे. कांहींनीं त्याकडे काव्य म्हणून पाहिलें, तर कांहींनीं सतराव्या शतकांतील मराठीचा नमुना म्हणून. हे दोन्ही विचार आवश्यकच होत. परंतु हा ग्रंथ आणखी एका गोष्टीचा लेखी पुरावा आहे, व तिकडे हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं विशेष लक्ष द्यावें असें वाटतें. समाजाची भाषा एक आणि धर्मगुरूची दुसरी असली म्हणजे कोणीं कोणाची भाषा शिकावी, हा प्रश्न गोव्यांतील चर्चपुढें दोनशें वर्षांहून अधिक काळ उभा होता; आणि चर्चच्या व राज्याच्या अधिकाऱ्यांनीं त्याला वेगवेगळ्या काळीं परस्परविरुद्ध उत्तरें दिलीं. तीं उत्तरें कालक्रमानें मांडून, हस्तलिखितांच्या जतनाशीं त्यांचा काय संबंध पोंचतो, तें या लेखांत दाखवावयाचें आहे.

येथें साष्टी म्हणजे गोव्यांतील साष्टी महाल, मुंबईजवळची नव्हे. साष्टी व बार्देस हे दोन महाल १५४३ सालीं पोर्तुगीजांकडे गेले. पुढें धर्मप्रसाराच्या सोयीसाठीं साष्टी जेझुइट पाद्र्यांकडे आणि बार्देस फ्रान्सिस्कन पाद्र्यांकडे आले. साष्टींत जेझुइटांच्या कार्यास १५६० सालीं आरंभ झाला, आणि १५६७ च्या सुमारास तेथील देवळें पाडण्यांत आलीं. पोथ्यांचीही तीच गति झाली. दिवाडी बेटांतील एका नवख्रिस्ती ब्राह्मणानें दुसऱ्या एका ब्राह्मणाच्या घरांतील पोथ्या उचलून आणून पाद्र्यांच्या हवालीं केल्याचा वृत्तांत १५५९ च्या जेझुइट पत्रव्यवहारांत आहे. त्यांतील मजकूर पोर्तुगीजमध्यें उतरवून त्याचें खंडन करावें, हा पाद्र्यांचा हेतु होता. खंडनासाठीं कां होईना, पण त्यांना ग्रंथ वाचावे लागले. पोर्तुगालांत ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयांत रामायण-महाभारतांतील कथांचीं रोमन लिपींत लिहिलेलीं जीं बाडें आहेत, तीं याच काळच्या अशा उद्योगाचें फळ होत. ज्यांनीं पोथ्या हिरावल्या, त्यांच्याच हातून हा ठेवा टिकला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

अशा मुलखांत स्टीफन्स आला. तो जन्मानें इंग्रज. १५७९ च्या एप्रिलांत लिस्बन सोडून तो त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत गोव्यास पोंचला, आणि पुढील बहुतेक सर्व आयुष्य त्यानें साष्टींतच काढलें. १५८३ सालीं कुंकळ्ळीच्या लोकांनीं पांच जेझुइटांस ठार केलें. म्हणजे स्टीफन्सचे आरंभींचे दिवस शांततेचे नव्हते. त्याच वर्षीं त्यानें आपल्या भावास पत्र लिहिलें. या देशांतील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे, असें त्यांत त्यानें नमूद केलें आहे. ज्या वर्षीं आपले सोबती मारले गेले, त्याच वर्षीं मारणाऱ्यांच्या भाषेविषयीं असा आदर व्यक्त करणारा हा पुरुष होता.

क्रिस्तपुराणाच्या पहिल्या अवस्वरांत ग्रंथाचें कारण सांगितलें आहे. पाद्री मुलांस धर्माचे पाठ शिकवीत असतां एक नवख्रिस्ती ब्राह्मण त्यास विचारतो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें आपण बंद केलीं; मग त्यांच्या जागीं वाचावयास दुसरें पुराण आम्हांस कां करून देत नाहीं? हा प्रश्न कविकल्पित असो वा प्रत्यक्ष घडलेला असो, त्यांतील तक्रार खरी होती. ज्या समाजास संध्याकाळीं एकत्र बसून ओव्या ऐकण्याची पिढ्यान् पिढ्यांची संवय, त्यास प्रश्नोत्तरांच्या लहानशा पुस्तकानें समाधान कसें व्हावें? स्टीफन्सनें ही तक्रार न्याय्य मानिली व तिचें उत्तर म्हणून सुमारें अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचिला. पहिल्या पुराणाचे छत्तीस व दुसऱ्याचे एकूणसाठ असे त्याचे पंचाण्णव अवस्वर आहेत. जुन्या कवींचे कठीण शब्द टाळून ब्राह्मणांच्या बोलींतील सोपे शब्द मिसळल्याचें त्यानें स्वतःच प्रस्तावनेंत सांगितलें आहे. ग्रंथ मराठींत, पण धर्मप्रश्नोत्तरी व व्याकरण कोंकणींत, अशी त्यानें वांटणी केली. श्रवणाची भाषा कोणती व घरांतली कोणती, याची त्यास पक्की जाण होती.

हें एका व्यक्तीचेंच वेड नव्हतें. १६०६ सालीं भरलेल्या पांचव्या प्रांतिक धर्मसभेनें असा नियम केला कीं, ज्यास लोकांची भाषा येत नाहीं अशा पाद्र्याकडे फिर्गज सोंपवूं नये. आणि जे आधींच नेमलेले आहेत त्यांनीं सहा महिन्यांत ती न शिकल्यास परीक्षेस उतरेपर्यंत त्यांचें वेतन बंद व्हावें. भाषा न येणें ही गुरूची उणीव, शिष्याची नव्हे, हें त्यांतील तत्त्व. या नियमानंतरच्या पन्नास-पाऊणशें वर्षांतील ग्रंथांची मालिका पाहिली म्हणजे त्याचा परिणाम दिसून येतो. १६१६ सालीं क्रिस्तपुराण रायतूर येथें छापलें गेलें. १६१९ सालीं स्टीफन्स वारला. त्याची प्रश्नोत्तरी १६२२ त व व्याकरण १६४० त बाहेर पडलें. एत्येन द ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटाचें संत पीटरवरील ओवीबद्ध पुराण १६२९ पासून छापूं लागलें. क्रिस्तपुराण १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापलें गेलें. आंतोनियु द साल्दान्य याचें संत आंतोनीचें चरित्र १६५५ चें, तर मिगेल द आल्मैद याचा कोंकणी गद्यग्रंथ १६५८ चा.

या उद्योगांत एक उणीव राहिली. देशी लिपीचे ठसे पाडण्याची अनुज्ञा मिळावी अशी विनंति स्टीफन्सनें १६०८ सालीं रोमास, आपल्या संघाच्या प्रमुखास, पत्र लिहून केली होती. ही लिपि अक्षरप्रधान असल्यामुळें सहाशेंच्या आसपास ठसे लागतील, ही अडचणही त्यानें कळविली. ते ठसे कधींच पाडले गेले नाहींत. त्यामुळें हें सर्व वाङ्मय रोमन अक्षरांत छापलें गेलें, आणि देवनागरी वाचणाऱ्या महाराष्ट्रास तें पुढें तीन शतकें जवळजवळ अपरिचित राहिलें.

आतां दुसरें उत्तर पाहूं. १६८३ च्या अखेरीस संभाजी महाराजांच्या फौजा बार्देस व साष्टींत शिरल्या आणि पोर्तुगीज सत्ता हादरली. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, २७ जून १६८४ रोजीं, व्हिसरेइ कोंद द आल्व्होर यानें फर्मान काढलें कीं, गोव्याच्या प्रजेनें तीन वर्षांच्या आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीज भाषा बोलावी. लोकांची भाषा पाद्र्यांस येत नाहीं ही अडचण त्यामागें होतीच. पण ती दूर करण्याचा भार आतां पाद्र्यावरून काढून प्रजेवर टाकला. कुन्य रिव्हार यानें १८५८ च्या आपल्या निबंधांत या फर्मानामागें फ्रान्सिस्कन पाद्र्यांचा हात दाखविला आहे. यांत स्वार्थही होता. लोकभाषा जाणणें ही जर फिर्गजेची पात्रता, तर ती देशी पाद्र्यांच्या अंगीं जन्मतःच होती. त्यांस वर चढूं देण्याची युरोपीय पाद्र्यांची तयारी नव्हती. दिवाडीचा मातेउश द काश्त्रु हा ब्राह्मण ख्रिस्ती. त्यास गोव्यांत दीक्षा मिळेना, म्हणून तो रोमास गेला व तेथें १६३७ सालीं बिशप झाला. त्याचें उदाहरण या संदर्भांत बोलकें आहे. १७४५ सालीं आर्चबिशपानें त्यापुढची पायरी गांठली आणि पोर्तुगीज न जाणणाऱ्यांच्या विवाहास मनाई केली. १८१२ सालीं शाळेंतील मुलांस कोंकणी बोलण्यास बंदी झाली.

येथें एक आक्षेप निघण्यासारखा आहे. १६०६ चें धोरणही परधर्माच्या प्रसाराचेंच साधन होतें. देवळें पाडून झाल्यावर लोकांच्या भाषेंत पुराण लिहिलें, यांत उपकार तो कोणता? आक्षेप खरा आहे, व तो झांकण्याचें कारण नाहीं. स्टीफन्सचें पुराण बळजबरीनें उजाड केलेल्या भूमींतच उगवलें. तथापि दोन धोरणांतला भेद त्यामुळें पुसला जात नाहीं. पहिल्यानें लोकांपासून पुष्कळ हिरावलें, पण त्यांची वाणी त्यांच्याकडे ठेविली आणि गुरूस तिच्यापुढें विद्यार्थी म्हणून बसविलें. दुसऱ्यानें वाणीच मागितली.

या दोहोंपैकीं कोणतें फळास आलें, याची साक्ष हस्तलिखितें देतात. १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची छापील प्रत आज एकही ज्ञात नाहीं. १७५९ सालीं पोर्तुगीज मुलखांतून जेझुइटांची हकालपट्टी झाली, आणि ग्रंथास कोणी वाली उरला नाहीं. तरी ग्रंथ राहिला. छापखाना बंद, भाषेस मनाई, अशा काळांत लोकांनीं तो हातानें नकलून ठेविला. गोव्यांतून कानडा जिल्ह्यांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तो मंगळूरकडे नेला, आणि टिपूच्या कैदेंत श्रीरंगपट्टणास असतांही ते त्याच्या ओव्या गात, असें परंपरा सांगते. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ साल्दान्हा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें रोमन लिपींतील आवृत्ति काढली, व तिच्या आधारें १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास देवनागरी आवृत्ति प्रसिद्ध केली. लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रत जस्टिन अ‍ॅबट यांनीं १९२३ सालीं उजेडांत आणिली. तीच मूळ संहिता, असें त्यांचें मत होतें. रोमन प्रतींत जेथें पोर्तुगीज धर्मशब्द येतात तेथें या प्रतींत संस्कृत शब्द आढळतात. हे मूळचे, कीं मागाहून कोणीं घातलेले, याविषयीं मतभेद आहे. मला दुसरा पक्ष अधिक संभवनीय वाटतो. कारण रोमन प्रतींतील पोर्तुगीज शब्द हेच इन्क्विझिशनच्या तपासणींतून जाणाऱ्या ग्रंथास साजेसे आहेत. पण मागाहूनचे असले तरी त्यांचें मोल कमी होत नाहीं. मग ग्रंथ आपल्या भाषेंत आणखी एक पाऊल पुढें नेणारा तो अज्ञात लेखक कोण, हा नवा प्रश्न उभा राहतो.

संग्राहकांस शेवटीं एक व्यावहारिक सूचना. पोर्तुगीज मथळा व रोमन अक्षरें पाहून असें बाड पोर्तुगीज समजून बाजूस ठेवूं नये. आंत चार चरणांचीं कडवीं व चौथा चरण आंखूड दिसल्यास ती ओवी समजावी. ट, ड, ण, ळ हे वर्ण बहुधा रोमन अक्षर दुप्पट करून दाखवितात, पण नकलकार त्यांत एकसूत्रता राखीत नाहींत. श व ष या दोहोंसाठीं 'एक्स' हें एकच अक्षर असतें. म्हणून पाठ मोठ्यानें वाचून पाहावा. जो शब्द डोळ्यांस परका भासतो तो कानास ओळखीचा लागतो. जुनीं घरें मोडतात, पेट्या रिकाम्या होतात, आणि अशीं बाडें रद्दींत जातात. ही घाई लक्षांत घ्यावी.

दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनें १९६३ सालीं उपासनेंत लोकभाषेस मोकळीक दिली, आणि गोव्याच्या चर्चमध्यें वेदीवरून कोंकणी ऐकूं येऊं लागली. तेव्हां १६०६ च्या नियमाचें तत्त्वच पुन्हां मान्य झालें. मधल्या काळांत ती वाणी ज्यांनीं राखली त्या नकलकारांचीं नांवें बहुधा कोणत्याही दफ्तरांत नाहींत. त्यांचें हस्ताक्षर मात्र अजून मिळण्याजोगें आहे.