साष्टीतील विमानविद्या आणि सरकारी मक्ता

राजसत्तेला शस्त्र हवे असते आणि ते घडविणाऱ्याला राजाश्रय हवा असतो, हा संबंध पुरातन आहे. परंतु हा आश्रय कोणत्या रूपाने द्यावा, खजिन्यातून रोख अनुदान द्यावे, जमीन द्यावी, की ‘इतका माल या भावाने आम्ही घेऊ’ एवढाच लेखी करार करावा, या प्रश्नाची जितकी निरनिराळी उत्तरे साष्टी बेटाने, म्हणजे ढोबळमानाने आजच्या मुंबई उपनगर जिल्ह्याने, गेल्या शंभर वर्षांत पाहिली तितकी दुसऱ्या एखाद्या टापूने क्वचितच पाहिली असतील. भारतीय सैन्याला टेहळणीची मानवरहित विमाने, ज्यांस आता सर्वत्र ड्रोन म्हणतात, पुरविणारी आयडियाफोर्ज ही कंपनी २००७ साली पवईच्या आयआयटीतील तरुण अभियंत्यांनी स्थापन केली. तिच्याविषयी लिहिणारे बहुधा तिला सर्वस्वी नव्या युगाचे अपत्य समजतात. मला तिची कुळकथा बरीच जुनी वाटते.

त्या कथेचा आरंभ जुहूला होतो. ब्रिटिश वायुदलातून बाहेर पडलेला नेव्हिल व्हिन्सेंट हा वैमानिक १९२९ च्या सुमारास टाटांकडे एक योजना घेऊन आला. विलायतेची टपाल इंपीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत येत असे. तेथून ती मुंबई-मद्रासकडे विमानानेच न्यावी आणि सरकारने या कामी काही आर्थिक साह्य करावे, अशी ती योजना होती. दिल्लीच्या दप्तरात हे कागद दीर्घकाळ पडून राहिले, मंदीच्या दिवसांत खजिन्यातून पैसा देण्यास सरकार राजी होईना, आणि अखेरीस टाटांनी अनुदानाची मागणीच सोडून दिली व टपालाच्या वजनाप्रमाणे मिळेल तेवढ्या मोबदल्यावर समाधान मानले, तेव्हा कोठे १९३२ साली करार झाला. त्या वर्षीच्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे छोटेसे पस मॉथ विमान घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले. ते मैदान समुद्रसपाटीला इतके लागून होते की पावसाळ्यात ते वापरण्याजोगे राहत नसे आणि सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे. असे असूनही धंदा पहिल्याच वर्षी फायद्यात चालला, आणि त्याचे कारण मला स्पष्ट दिसते: सरकारने दान दिले नाही, पण नेमाने येणारे काम दिले. टपाल काही युद्धाची वाट पाहत थांबत नाही.

लष्करी विमानांची गोष्ट मात्र निराळी निघाली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापिली ती मुंबईत नव्हे, तर बंगळूरला, कारण म्हैसूर संस्थानाने जमीन दिली आणि भांडवलातही पंचवीस लाखांचा वाटा उचलला. पुढल्याच वर्षी हिंदुस्थान सरकार भागीदार झाले. जपान युद्धात उतरल्यावर तर सरकारला ही मालमत्ता इतकी मोलाची वाटू लागली की एप्रिल १९४२ मध्ये वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन त्यांना मोकळे करण्यात आले. एका मराठी मुलखातल्या उद्योजकाने लावलेले झाड फळे धरण्यापूर्वीच सरकारजमा झाले. त्यांच्या प्रीमियर कंपनीच्या मोटारी मग कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडू लागल्या, आणि मुंबईकरांच्या स्मरणात वालचंदांचे नाव विमानापेक्षा मोटारीशीच अधिक निगडित राहिले.

खासगी उद्योजकाने शस्त्रे घडवावीत की नाही, हा प्रश्न स्वातंत्र्योत्तर काळात धोरणानेच निकालात काढला. १९५६ च्या औद्योगिक धोरणविषयक ठरावाने शस्त्रास्त्रे, दारूगोळा व विमाने यांचे उत्पादन राज्यसंस्थेच्या अखत्यारीत ठेवले. तत्पूर्वीच १९५३ साली टाटांची विमानवाहतूकही राष्ट्रीयीकृत झाली होती. खासगी कारखानदाराला सुटे भाग पुरविण्याची मुभा होती, पण आख्खे शस्त्र घडवून त्यावर आपले नाव घालण्याचा अधिकार नव्हता. दोन डेन अभियंत्यांनी स्थापिलेल्या लार्सन अँड टुब्रोने पवईच्या दलदलीत आणि रानात कारखाना उभारला आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापासून संरक्षण संशोधन संस्थेच्या (डीआरडीओच्या) हाताखाली नमुने घडविण्याचे काम केले, ते पुढे मोठ्या खरेदीची हमी नसताना. मे २००१ मध्ये हे दार खासगी भांडवलास उघडले गेले. २००६ साली ‘पिनाक’ अग्निबाणांच्या प्रक्षेपकांची मागणी टाटा पॉवर आणि लार्सन अँड टुब्रो या दोघांना मिळाली, तेव्हा त्या प्रतीक्षेचे काहीसे चीज झाले.

दरम्यान त्याच पवईत सरकारने एक निराळी गुंतवणूक करून ठेवली होती, जिचा शस्त्रांशी वरवर काहीच संबंध नव्हता. सोव्हिएत साह्याने १९५८ साली सुरू झालेल्या आयआयटीची कोनशिला पंडित नेहरूंनी मार्च १९५९ मध्ये पवईस बसविली. या संस्थेच्या आवारात २००४ साली ‘साईन’ हे नवउद्योगांचे संगोपनकेंद्र निघाले आणि त्यातच आयडियाफोर्ज वाढली. तिच्या आरंभीच्या मालात मोबाईल भरण्याचे, हाताने फिरवायचे यंत्र होते, हे आज कोणास खरे वाटणार नाही. पुढे डीआरडीओच्या पुण्यातील प्रयोगशाळेच्या सहकार्याने ‘नेत्र’ हे दीड किलोचे, चार पंख्यांचे यान सिद्ध झाले. डिसेंबर २००९ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘थ्री इडियट्स’ चित्रपटात जे यान उडताना दिसते ते याच मंडळींचे. २०१३ च्या उत्तराखंडातील जलप्रलयात हरवलेल्यांचा शोध घेण्यास ‘नेत्र’ कामी आले. आता कंपनीचे कार्यालय ठाण्याच्या खाडीपलीकडे महापे येथे, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीत आहे. उपनगरांत जन्मलेल्या उद्योगांना वाढीच्या वयात खाडी ओलांडावी लागते, हा आता रिवाजच झाला आहे.

सरकारचा दुसरा हात या काळात काय करीत होता, हेही सांगितले पाहिजे. मे २०१४ मध्ये मुंबईतील एका पिझ्झावाल्याने लोअर परळहून वरळीच्या एका इमारतीवर ड्रोनने पिझ्झा पोचविला आणि पोलिसांच्या चौकशीला तोंड दिले. ऑक्टोबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नागरी वापरावरच मनाई केली. कारखानदारास त्यामुळे सैन्य, निमलष्करी दले आणि पोलीस यांखेरीज गिऱ्हाईक उरले नाही. ऑगस्ट २०२१ च्या नियमांनी अर्जांचे नमुने पंचविसांवरून पाचांवर आणि शुल्काचे प्रकार बहात्तरांवरून चारांवर आणले. एवढे नमुने आणि शुल्के कोणी योजिली असतील, याचा शोध एखाद्या संशोधकाने जरूर घ्यावा. सप्टेंबरात उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आली: अखिल देशासाठी तीन वर्षांत १२० कोटी रुपये, मूल्यवर्धनाच्या वीस टक्के दराने. फेब्रुवारी २०२२ मध्ये, संरक्षण व संशोधन हे अपवाद वगळता, तयार ड्रोनच्या आयातीस बंदी झाली.

या १२० कोटींचा फार गवगवा झाला, म्हणून त्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहावा. जानेवारी २०२१ मध्ये, लडाखची सीमा तापलेली असताना, उंच प्रदेशातील चाचण्यांनंतर सैन्याने आयडियाफोर्जच्या ‘स्विच’ यानांसाठी सुमारे दोन कोटी डॉलरचा, म्हणजे जवळजवळ १४० कोटी रुपयांचा करार केला. एका कंपनीशी झालेली एकच खरेदी साऱ्या देशाच्या तीन वर्षांच्या प्रोत्साहनाहून मोठी होती! जुन्या काळी सरकार दुष्काळात तगाई वाटीत असे. तिने बी-बियाण्याची सोय होई, पण पिकाला बाजार मिळवून देणे तिच्या हाती नसे. प्रोत्साहन योजनेची मर्यादाही नेमकी तीच आहे.

मात्र खरेदी हेच खरे साह्य असेल, तर ती थांबणे हीच खरी आपत्ती ठरते. जुलै २०२३ मध्ये या कंपनीचे ६७२ रुपयांना विकलेले समभाग बाजारात जवळजवळ दुपटीने उघडले, आणि २०२३-२४ मध्ये तिने सुमारे ३१४ कोटींची उलाढाल करून ४५ कोटींचा नफा मिळविला. पुढल्या वर्षी सरकारी मागण्या लांबल्या, उलाढाल निम्म्यावर येऊन १६१ कोटी झाली आणि नफ्याच्या जागी ६२ कोटींचा तोटा दिसू लागला. यानांची गुणवत्ता एका वर्षात निम्मी झाली होती असे कोणीही म्हणणार नाही. मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’ या लष्करी मोहिमेनंतर जूनमध्ये तातडीच्या खरेदीत पुन्हा सुमारे १३७ कोटींची मागणी आली. म्हणजे सीमेवर तोफा वाजाव्यात तेव्हा कारखान्याचे पंखे फिरावेत, असा हा व्यवहार आहे, आणि अशा व्यवहारावर कुशल कारागिरांचा ताफा कोणास वर्षानुवर्षे पोसता येणार नाही. माझ्या मते दरसाल ठरावीक नग, मग ते थोडे का असेनात, घेण्याची लेखी हमी मिळावी आणि मोठ्या रकमांच्या घोषणा थोड्या कमी व्हाव्यात. अशी हमी मिळाल्यावर यानांचे पंखे फिरविणाऱ्या मोटारी, विद्युत्-घट आणि कॅमेऱ्यांची संवेदके, ज्यांच्यासाठी हा धंदा अद्याप परदेशांकडे, विशेषतः चीनकडे, पाहतो, ती येथे करण्याचे भांडवल घालण्याचे धैर्य एखाद्याला होईल. २०२५ च्या आरंभी चिनी भागांच्या संशयावरून संरक्षण खात्याने चारशे ड्रोनचे करार रद्द केले, ते योग्यच झाले. पण नुसत्या रद्दीकरणाने मरोळच्या किंवा महाप्याच्या कारखान्यात मोटारीची वेटोळी गुंडाळली जाणार नाहीत.