हॉलीहॉक मूळचे कुठले?

जुलै महिन्यात इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यातून चक्कर मारली, की घरांच्या भिंतींना टेकून उभी असलेली, पुरुषभर उंचीची हॉलीहॉकची झाडे दिसतात. ही अस्सल इंग्रजी बागेची खूण, असे आपण सारेच धरून चालतो. प्रत्यक्षात हे झाडही आपल्यासारखेच बाहेरून आलेले!

त्याची जुनी लागवड चीनमधली. चिनी भाषेत त्याला 'शू-क्वेइ' म्हणतात. 'शू' हे सिचुआन भागाचे प्राचीन नाव. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात विल्यम टर्नर या वैद्याने त्याची 'होलीओक' अशी नोंद केली. नावातला 'हॉक' हा शब्द मात्र इथला, जुन्या इंग्रजीतला. म्हणजे पाहुणा दूरचा आणि नाव यजमानांनी ठेवलेले. ऑफिसात आपल्या नावांचे काय होते, हे वाचकांना सांगायला नकोच!

कुळाने पाहिले तर हे झाड आपल्या चांगलेच नात्यातले. भेंडी, कापूस, अंबाडी आणि जास्वंद ही त्याची भावंडे. फुलाच्या मध्यभागी पुंकेसरांचा दांडा पाहा, लगेच जास्वंदीची आठवण येईल.

एकोणिसाव्या शतकात या फुलाचे मोठे वेड होते. एसेक्समधले सॅफ्रन वॉल्डन हे गाव नावाप्रमाणे पूर्वी केशरासाठी प्रसिद्ध होते. तिथल्या चार्ल्स बॅरन या चांभाराने हॉलीहॉकची दुहेरी फुले जोपासली आणि विल्यम चेटर या रोपवाटिकावाल्याने ती देशभर नेली. निवडक वाणांना नावे मिळाली, प्रदर्शनांत बक्षिसे मिळाली. हे वाण जसेच्या तसे राहावेत म्हणून त्यांची कलमे करीत.

पुढे आला तांबेरा. ही बुरशी दक्षिण अमेरिकेतल्या चिलीची. 1869 मध्ये ती स्पेनमध्ये दिसली आणि 1873 मध्ये इंग्लंडला पोचली. पानांखाली नारिंगी पुटकुळ्या येत आणि पाने वाळून जात. रोगट झाडाचे कलम नेले की रोगही सोबत जाई. बघता बघता धंदा बसला आणि बक्षीसपात्र वाण नाहीसे झाले.

हॉलीहॉक मात्र टिकले, ते बियांवर. साध्या घरांच्या अंगणात बी पडत राहिले आणि रोपे उगवत राहिली. 'चेटर्स डबल' या नावाचे बियाणे आजही दुकानात मिळते. तांबेराही गेलेला नाही. म्हणून जून-जुलैत नवे बी पेरावे, फुले पुढच्या उन्हाळ्यात येतात. खालची डागाळलेली पाने वेळीच काढून टाकावीत आणि दर दोन वर्षांनी नवी रोपे करावीत.

आमच्याकडे यंदा भरपूर बी धरले आहे. कोजागिरीला मंडळात पाकिटे घेऊन येऊ. ज्यांना हवे त्यांनी जरूर मागून घ्यावे, आणि मुलांना ही भेंडीची बहीण आहे हेही सांगावे.