वेशीतून रस्त्यावर

जाफराबादचा चौक कुणी आखून दिलेला नाही. पूर्णा आणि केळणेच्या संगमावरचं हे जुनं गाव. एके काळी त्याला दगडी तट होता, गढी होती. औरंगजेबाच्या अमदानीतला फारसी शिलालेख असलेली मशीद आहे. तटाच्या गावाचं चौकावाचून अडत नसे. त्याला वेस लागे. येणारा-जाणारा वेशीत ओळखला जाई, तिथेच अडवला जाई आणि बातमीही तिथूनच गावात शिरे.

गावाबाहेरच्या रस्त्यांना महत्त्व आलं ते बहुधा 1853 नंतर. निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं आणि जाफराबाद सरहद्दीजवळ येऊन पडलं. दक्षिणेला देऊळगाव राजा, ईशान्येला चिखली, दोन्ही वऱ्हाडात; हे गाव मात्र मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. पलीकडे इंग्रजांचा कलदार रुपया, अलीकडे निजामाचा हाली. पुढे शंभर कलदारांना सुमारे 116 हाली असा भाव ठरून गेला. म्हणजे सासरी वऱ्हाडात दिलेल्या लेकीला चोळीला पैसे धाडायचे तरी सराफाची पायरी आली! मालावर निजामाच्या करोडगिरीची जकात, ती वेगळीच. अशा मुलखात माणसं थांबत ती हौसेने नव्हे. नाक्यावर त्यांना थांबावंच लागे.

रेल्वे 1900 मध्ये जालन्याला आली, इकडे वळली नाही. मोठा व्यापार जालन्याने ओढून घेतला. मग खेड्यापाड्यांना जवळ आणलं ते मोटारीने. निजामाच्या सरकारी बससेवेची सुरुवात 1932 मध्ये अवघ्या 27 गाड्यांनी झाली. मराठवाड्याच्या गावांचं तोंड गढीकडून सडकेकडे वळलं ते माझ्या मते या मोटारीमुळे, कुठल्या राजामुळे नाही.

17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपली. करोडगिरी गेली, पुढे हालीही गेला. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि वऱ्हाडची सरहद्द नुसती जिल्ह्याची हद्द उरली. 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला, त्यात जाफराबाद तालुका गेला.

आता तालुक्याच्या चौकात थांबायची कारणं नवी आहेत. तहसिलीत सातबाऱ्याची नक्कल, एसटीची वाट, कपाशी-सोयाबीनचा भाव, आणि वर फ्लेक्सवर हात जोडून उभे असलेले पुढारी. नाका नाही, जकात नाही. तरी दाखल्याच्या कामाला आलेला शेतकरी ‘साहेब जेवायला गेलेत’ ऐकून चहाच्या टपरीवर बसतोच.