डिस्पोजलची गाडी

इतिहास म्हटला की आपल्या नजरेसमोर दौलताबादचा किल्ला येतो, खुलताबादचे दर्गे येतात, बीबी का मकबरा येतो. उर्दू शाळेच्या वर्गात आम्हीही मुलांना हेच शिकवतो आणि ते शिकवलेच पाहिजे. पण बाभळीत उभ्या असलेल्या एखाद्या गंजलेल्या ट्रकला कोणी इतिहास म्हणत नाही. आम्हीही म्हणत नव्हतो.

आमच्या एका विद्यार्थ्याने ही चूक दाखवून दिली. 'परिसरातील जुनी वस्तू' या विषयावर मुलांना चार ओळी लिहून आणायला सांगितले होते. कोणी आजीचा पानदान लिहिला, कोणी तांब्याचा बधना. या मुलाने वहीत इंग्रजी अक्षरे जशीच्या तशी उतरवून आणली होती. गंगापूरच्या बाहेर, रस्त्यापासून थोड्या आत एक मोडकी क्रेन उभी आहे, तिच्या आतल्या पत्र्यावर हे लिहिलेले आहे, असे त्याने सांगितले. त्या अक्षरांत 'जनरल मोटर्स', 'ओशावा' आणि 'कॅनडा' हे शब्द स्पष्ट होते.

शाळा सुटल्यावर आम्ही तिघे शिक्षक तिथे गेलो. गाडीच्या सांगाड्यातून बाभूळ वर आली होती. चारही टायर बसलेले, पाटे गंजून एकमेकांना चिकटलेले, मागे लोखंडी दांड्याची घरगुती क्रेन. तोंड मात्र वेगळे होते. नाक आखूड, आणि समोरच्या काचा वरच्या बाजूने पुढे झुकलेल्या. इतकी वर्षे त्या रस्त्याने जातो, पण कधी थांबून पाहिले नव्हते.

चौकशी केली तेव्हा एका गाडीच्या तीन कहाण्या हाती आल्या. एका बुजुर्गांनी सांगितले, ही निजाम सरकारची गाडी. दुसऱ्यांनी सांगितले, ही १९४८ च्या पोलीस ॲक्शनमध्ये आली आणि बंद पडली म्हणून इथेच राहिली. तिसरे म्हणाले, जर्मनीची आहे. गंगापूर हे हैदराबाद संस्थानातले गाव. कायगाव-टोक्याजवळ गोदावरी हीच सरहद्द होती. अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे इंग्रजांचा नगर जिल्हा. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत ती सरहद्द पुसली गेली. त्या दिवसांच्या आठवणी आपल्याकडे घरोघर वेगवेगळ्या आहेत, काही बोलल्या जातात, काही अजूनही बोलल्या जात नाहीत. त्यामुळे मिलिटरी रंगाचे कुठलेही लोखंड दिसले की माणसे त्याला त्या दिवसांशी जोडतात. त्यांचा दोष नाही. पण इतिहासाच्या शिक्षकाने पत्र्यावर काय लिहिले आहे ते आधी वाचावे.

पत्रा सांगत होता तो इतिहास असा. दुसऱ्या महायुद्धात १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्समधून माघार घेताना ब्रिटिश फौजेने साठ हजारांहून अधिक वाहने मागे टाकली. ती भरून काढण्याची जबाबदारी मोठ्या प्रमाणात कॅनडावर आली. तिथल्या फोर्ड आणि जनरल मोटर्स या एरवीच्या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकाच लष्करी नमुन्याच्या गाड्या बनविल्या. स्टिअरिंग उजवीकडे, कारण ब्रिटिश फौजेला तसे हवे होते. काचा झुकलेल्या, म्हणजे ऊन चमकून वरच्या विमानाला गाडी दिसू नये. युद्ध संपेपर्यंत कॅनडाने आठ लाखांवर लष्करी वाहने बनविली, त्यांपैकी सुमारे चार लाख या नमुन्याची होती.

यातल्या पुष्कळ गाड्या सुट्या भागांच्या पेट्यांतून जहाजाने हिंदुस्थानात आल्या. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्येच जुळणीचा कारखाना काढला होता. युद्धाच्या काळात अशा कारखान्यांत फौजेच्या गाड्या उभ्या राहिल्या. त्याच कॅनडियन सांगाड्यांवर आपल्याकडचे पोलाद चढवून 'टाटानगर' नावाने ओळखली जाणारी चिलखती गाडीही इथे तयार झाली.

गाड्या आल्या, पण चालविणार कोण? १९३९ मध्ये सुमारे दोन लाख असलेली हिंदी फौज १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेली. खेड्यातल्या, बैलगाडी हाकणाऱ्या हजारो तरुणांच्या हाती पहिल्यांदा स्टिअरिंग आणि पाना आला. दुरुस्तीसाठी १ मे १९४३ रोजी फौजेत यंत्र-अभियंत्यांचे स्वतंत्र दल स्थापन झाले. लढाई संपली, जवान घरी आले आणि येताना हुनर घेऊन आले.

गाड्याही मागोमाग आल्या. सरकारने युद्धात उरलेला माल विकायला काढला. त्या विक्रीला 'डिस्पोजल' म्हणत आणि हा शब्द आपल्या गॅरेजांत कायमचा राहिला. 'डिस्पोजलची गाडी' म्हणजे स्वस्त, दणकट आणि पेट्रोल पिणारी. आपल्याकडे रस्त्यावरची वाहतूक तेव्हा नुकती आकार घेत होती. हैदराबाद संस्थानात १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू झाली होती. नदीपलीकडे मुंबई राज्याची पहिली एस. टी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. या दोन्ही सरकारी सेवा जिथे पोहोचत नव्हत्या तिथे खासगी मालकाच्या गाड्या माल आणि माणसे वाहत होत्या, आणि त्यांत डिस्पोजलच्या गाड्याही होत्या.

नंतर टाटा-लेलँडचे ट्रक आले तसे या गाड्यांचे ओझे वाहण्याचे दिवस संपले. पण पुढच्या चाकांनाही ताकद देणारी त्यांची रचना मिस्त्रींनी ओळखली होती. म्हणून देशभर अशा गाड्यांच्या ब्रेकडाउन क्रेन झाल्या, काहींवर बोअरची यंत्रे चढली. आमच्या गाडीचेही तेच झाले. पेट्रोल परवडेना म्हणून मूळचे शेवरलेट इंजिन काढून पर्किन्सचे डिझेल इंजिन बसविले गेले. मद्रासची सिम्प्सन कंपनी ही इंजिने आपल्या देशात बनवत असे. मागे क्रेनचा दांडा चढला. नगर रोडवर नदीच्या पुलापासून वाळूजपर्यंत कुठे गाडी उलटली की हीच यायची आणि टोचन करून घेऊन जायची.

हे आम्हाला सांगितले एका म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांनी. त्यांनी तरुणपणी याच क्रेनवर काम केलेले होते. आम्ही त्यांना घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत. आम्ही मोठ्या उत्साहाने त्यांना कॅनडा आणि महायुद्ध सांगितले. चाचा म्हणाले, "मास्टर साब, मिलिटरी में ये कित्ते साल रही? चार-पाच. रोड पे चालीस साल रही. ये गाडी मिलिटरी की नै, रोड की है."

ते वाक्य तेव्हा आम्ही हसण्यावारी नेले.

दरम्यान गाडीचा सौदा झाला असल्याचे कळले. भंगारवाले गॅस कटर घेऊन येणार होते. आमच्या भागातले लोखंड जालन्याला जाते. तिथल्या भट्ट्यांत वितळते आणि सळई होऊन परत येते, कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये बसते. त्यात वाईट काही नाही. भंगाराचा धंदा करणारी आपलीच माणसे आहेत, मेहनतीची रोटी खातात. आम्ही त्यांच्याकडे गेलो, वजनाचा हिशेब विचारला. गाडी तीन टनांच्या आसपास भरेल असा अंदाज होता. तेवढे पैसे आमच्याकडे नव्हते. दोन महिन्यांची मुदत मागितली. शेठ म्हणाले, "सर, लोग सोना बचाते, तुम जंग बचा रहे." पण मुदत दिली, आणि शेवटी आपला नफा सोडून गाडी आम्हाला दिली. मालकाच्या वारसांनी स्टॅम्प पेपरवर लिहून दिले. एका स्नेह्यांनी आपल्या रिकाम्या शेडमध्ये जागा दिली.

गाडी हलविणे हे मोठे काम होते. चाचांनी पहिला हुकूम दिला तो चाकांबद्दल. या गाडीची डिस्क दोन भागांची असते आणि ते दोन भाग नटांनी एकमेकांना बांधलेले असतात. फौजेत ते नट लाल रंगविलेले असत. टायरमध्ये हवा असताना कोणी चाक काढण्याच्या नादात ते नट सोडले तर डिस्क फुटून उडते आणि समोरचा माणूस जागीच संपतो. आमच्या गाडीवरचा लाल रंग केव्हाच गेला होता. चाचांनी खडूने एकेका नटावर खूण केली, व्हॉल्व्ह काढून उरलीसुरली हवा सोडली, मगच पान्याला हात लावू दिला. कुठल्या पुस्तकातून त्यांनी हे वाचले नव्हते. त्यांच्या उस्तादांनी त्यांना सांगितले होते, आणि उस्तादांनी ते फौजेत शिकले होते. १९४३ ची तालीम तोंडातोंडी आमच्या शेडपर्यंत आली होती.

इंजिन जाम होते. आमच्यातल्या एकाला बॅटरी लावून बघण्याची घाई झाली होती. चाचांनी नोझल काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेल ओतले आणि सांगितले, आता आठ दिवस हिच्याकडे बघायचे नाही. आठ दिवसांनी हँडल लावले, हलले नाही. पुन्हा तेल, पुन्हा आठ दिवस. चौथ्या खेपेला हँडल बोटभर फिरले. त्या दिवशी शेडमध्ये जो चहा झाला तो ईदच्या शीरखुर्म्यासारखा गोड लागला.

मग खरा प्रश्न उभा राहिला. हिला पूर्ववत करायचे म्हणजे कुठल्या वर्षाची करायची?

आमचा पहिला विचार सरळ होता. क्रेनचा दांडा कापायचा, शेवरलेट इंजिन शोधायचे, हिरवा रंग मारायचा आणि १९४३ ची गाडी उभी करायची. नमुना बघावा म्हणून आम्ही अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) गेलो. तिथले घोडदळ-रणगाडा संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झाले. रोल्स रॉइसची जुनी चिलखती गाडी, सेंच्युरियन, १९६५ च्या लढाईत हाती आलेले पॅटन रणगाडे तिथे रंगवून, माहिती लिहून उभे केले आहेत. त्याच शहरात लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संस्था आहे. तिचे मूळ रावळपिंडीजवळच्या चकलाला येथे, १९२९ चे. फाळणीत ती नगरला आली. माणसांसारखीच यंत्रांचीही हिजरत झाली, हे आम्हाला तिथे नव्याने जाणवले.

त्या रणगाड्यांमध्ये फिरताना चाचांचे वाक्य परत आठवले. पॅटनला १९६५ चे ठेवणे बरोबरच आहे, कारण त्याचे आयुष्य रणांगणावरचे आहे. पण आमच्या गाडीचा क्रेनचा दांडा आम्ही कापला तर नगर रोडवरची चाळीस वर्षे कापली जातील. ज्या अनाम मिस्त्रीने कॅनडाच्या सांगाड्यात मद्रासचे इंजिन बसविले, त्यासाठी स्वतः माप काढून पट्ट्या तोडल्या, भोके पाडली, त्याची दुसरी कुठलीही सही जगात उरलेली नाही. तीही आम्ही पुसून टाकू. कटर घेऊन आलेला भंगारवाला आणि रंग घेऊन आलेले आम्ही, यांच्यात मग फरक काय राहिला?

म्हणून ठरविले की दांडा राहील, पर्किन्स राहील. रंगाचे थर खरवडायचे नाहीत. दारावर फक्त रुपयाएवढी एक खिडकी उघडली. तिच्यात वर क्रेनचा पिवळा, त्याखाली हिरवा आणि सर्वांत खाली मातकट रंग दिसतो. ज्याला बघायचे त्याने तिथे बघावे. गंज थांबवायचा, इंजिन चालू करायचे, ब्रेक नीट करायचे, एवढेच काम. आणि प्रत्येक भाग खोलण्यापूर्वी त्याचा फोटो काढून, चाचा काय म्हणाले ते वहीत लिहायचे. ही वही मुले लिहितात, उर्दूत.

कायद्याची अडचण मात्र सुटलेली नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला त्यात खास नंबर मिळतो. पण हे नियम दुचाकी आणि प्रवासी चारचाकीसाठी आहेत. शिवाय सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे. म्हणजे नवाबाची मोटार वारसा ठरते आणि जिने कष्ट केले तो ट्रक ठरत नाही. एका कार्यालयात आम्ही विचारायला गेलो तर अर्जात हिच्यासाठी रकानाच नाही असे सांगण्यात आले. त्यामुळे गाडी चालू झाली तरी रस्त्यावर येणार नाही, शेडमध्येच राहील.

निजामाची की पोलीस ॲक्शनची, याचे उत्तर गाडीने दिलेले नाही. ओशावात बनली, फौजेत गेली आणि डिस्पोजलमधून रस्त्यावर आली, एवढेच ती सांगते. आम्ही वहीत तिन्ही कहाण्या 'ऐकीव' म्हणून लिहिल्या आणि पत्र्यावरचा मजकूर 'वाचलेला' म्हणून. मुलांना या दोन शब्दांतला फरक कळला, हीच आमच्या दृष्टीने या गाडीची पहिली कमाई. ऐकीव गोष्टींचे ओझे आपल्या समाजाने फार वाहिले आहे. स्वतःबद्दल काही सांगायचे तर पुरावा हाती असावा लागतो, आणि पुरावा दर वेळी किल्ल्यात किंवा कागदावर नसतो. तो गॅरेजमध्ये असतो, आरागिरणीत असतो, करघ्यावर असतो, आपल्या वडिलांच्या हातांत असतो.

वाचकांना विनंती एवढीच. आपल्या गावातही अशी एखादी गाडी, एखादे इंजिन, एखादे छापण्याचे यंत्र पडलेले असेल. ते विकत घेणे सर्वांना जमणार नाही. पण कटर येण्याआधी त्यावरचे नंबर उतरवून घ्या, फोटो काढा, आणि मुख्य म्हणजे ज्याने ते चालविले त्या माणसाजवळ बसा. आमचे चाचा आता ऐंशीच्या पुढे आहेत. इंजिन अजून सुरू झालेले नाही. पण लाल नट कोणते ते आता आमच्या शाळेतल्या मुलांना माहीत आहे.